उकळलेली भिंगरी

१६ मार्च

ताई,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करते, नाहीतर पुढच्या पत्रात टोमणा मारशील. कसा आहे?

परवा आम्ही घरी आलो. चाळीस दिवस हॉस्पिटलच्या काचेच्या खोलीत काढून आपली भिंगरी घरी आली. फोन करणार होते, पण आमची एकच खोली आणि ही आठ वर्षांची बया झोपेतसुद्धा कान टवकारून असते. "आई, मावशीला काय सांगत होतीस, मी मरणार का?" असं एकदा विचारून झालंय तिचं. तेव्हापासून मी फोनवर फक्त "ठीक आहे" म्हणते. खरं काय ते कागदावर.

खरं असं आहे. तिचं रक्त तयार होणंच थांबलं होतं, म्हणून १० फेब्रुवारीला ह्यांचा बोन मॅरो तिला दिला. तो रुजलाय. पण अंगात ताकद तान्ह्या बाळाएवढीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले शंभर दिवस काढा, मग पुढचं बोलू. गर्दी नको, बाहेरचं अन्न नको, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धूळ. त्यातही लाकडाची. तिच्यात बुरशी असते म्हणे. ती फुप्फुसात बसली, तर औषध लागू पडेलच असं नाही.

आणि आम्ही राहतो कुठे? सुतारांच्या गल्लीत! नऊ कारखाने, आणि आमची खोली नेमकी मशीनवाल्या काकांच्या आऱ्याच्या डोक्यावर. आमच्या पाण्याच्या हंड्यावरसुद्धा भुशाची साय धरायची, तू बघितलंयस. डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ धूळ आहे का? तर हे म्हणाले, "सोय झाली आहे." माझ्यासमोर धडधडीत खोटं! पॉलिश करून करून ह्यांना सगळंच चकचकीत करून दाखवायची सवय लागलीय. बाहेर आल्यावर मी खूप बोलले. ऐकून घेतलं.

पण घरी आलो तर काय, सगळी गल्ली चिडीचूप. आरा बंद, रंधे बंद. ह्यांना विचारलं, तर म्हणे मंदी आहे. देव पावला म्हणू, की बिचाऱ्यांच्या पोटावर पाय आला म्हणू, तेच कळेना.

माणसं मात्र बदलली, ताई. आम्ही गाडीतून उतरलो तसे सगळे भराभर आत गेले. दारं लावली. खालच्या मशीनवाल्या काकू तोंडाला फडकं धरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. ह्याच काकूंच्या मांडीवर भिंगरी लहानाची मोठी झाली. लेथवाले दादा तर तिला भिंगरी हे नाव देणारे, त्यांनी मान फिरवली. जशी काही आम्ही साथ घेऊन आलोय.

संध्याकाळी जिन्यात पाच डबे ठेवलेले दिसले. दार कुणी वाजवलं नाही. खायचे तर नाहीतच. परत कसे करू, सांग.

तुझी धाकटी

२३ मार्च

धाकटे,

गुडघा आहे तिथेच आहे. शिवणयंत्रावर पाय मारताना शिव्या देतो, मीही देते.

डबे परत कर. घासून, पुसून, सरळ. जिन्यात डबा ठेवून पळणाऱ्यांचं काय ते कौतुक! तुझ्या भावोजींना झटका आला, तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. आमच्या दाराशी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. हे तुला मी शंभरदा सांगितलंय, एकशेएकाव्यांदा ऐक. लोक चार दिवस हळहळतात आणि पाचव्या दिवशी तुमच्या खिडकीत काय दिसतं ते बघायला येतात. आपलं आपण बघावं. उपकाराचं ओझं घेतलं की मान कायमची वाकते.

नवऱ्याला फार बोलू नकोस. बाप आहे तो. स्वतःच्या हाडातलं काढून दिलंय त्याने.

भिंगरीला सांग, मावशी विचारते, टकलावर केस आले का? आले की मी तिच्यासाठी लाल फ्रॉक शिवणार आहे. नाही आले तरी शिवणार आहे.

ताई

५ एप्रिल

ताई,

भिंगरी म्हणते, केस आले नाहीत पण "पीचसारखी लव" आलीय. पीच तिने फक्त चित्रात बघितलंय.

डबे परत केले. काकूंच्या हातात देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हाला कुणाची दया नको." बाहेरचं खायला मनाई आहे, एवढं सांगायला हवं होतं गं. पण एकदा जीभ सुटली की सुटली. काकूंनी डबे घेतले. फडकं नाकावर ओढून खाली गेल्या. त्यानंतर डबा आला नाही.

आता गंमत ऐक. दर गुरुवारी तपासणीला जायला आम्ही खाली उतरलो की कुणीतरी शिट्टी मारतं. शिट्टी! आणि पाऊण मिनिटात गल्ली ओस पडते. दारं बंद, खिडक्या बंद. भिंगरीला वाटतं खेळ आहे, ती दारांना टाटा करते. मी मात्र आतल्या आत जळते.

रस्ता तर रोज सकाळी ओलाचिंब. पाईप फुटलाय, आणि दुरुस्त करायची कुणाला पडलेली नाही. माझ्या चपला वाळतच नाहीत. संध्याकाळी सगळे सुतार पुलाकडून परत येतात, तेही केस ओले, कपडे धुतलेले, जसे काही लग्नाला निघालेत. मंदीत इतका थाट कुठून येतो कोण जाणे.

आणि परवा जिन्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली एक लाकडी भिंगरी. नाव नाही, पण हात लेथवाल्या दादांचाच, शंका नको. उघडून बघते तर मधोमध तडा! पंचवीस वर्षं लेथवर बसलेला माणूस, आणि आजारी पोरीला टाकाऊ माल? मी ती कपाटावर फेकली. भिंगरीने बघितली होती, रोज मागते. देत नाही. कशाला लागली आहे कुणास ठाऊक, म्हणून.

पंचावन्नावा दिवस चालू आहे. शंभर दिसत नाही अजून. रोज सकाळी तिच्या अंगाला हात लावण्याआधी मी देवाचं नाव घेते.

तुझी धाकटी

११ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील, पण ऐक.

मी शिंपीण आहे. उलट्या बाजूने शिवण बघायची मला सवय आहे. फुटलेला पाईप रोज सकाळीच फुटतो का? दुपारी का फुटत नाही? मंदी आहे तर माणसं रोज पुलापलीकडे जातात कशाला? आणि येताना अंघोळ करून का येतात? आजाराला घाबरलेला माणूस तुझ्या घरासाठी खेळणं करेल का? करून वर प्लॅस्टिकमध्ये बांधेल का?

मला काय वाटतं ते लिहीत नाही. माझं चुकलं असेल तर बरंच आहे. चुकलं नसेल तर मला जरा बसून विचार करावा लागेल.

खाली उतर आणि बघ.

ताई

२९ एप्रिल
हॉस्पिटलमधून

ताई,

पत्र मिळालं, पण इथे, हॉस्पिटलात. तेराव्या तारखेला भर दुपारी भिंगरीला ताप भरला. एकशे दोन. ताप आला की तासाच्या आत पोचायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी फोन केला आणि मग आठवलं, आमच्या गल्लीत हातगाडी शिरायची तरी आधी चार फळ्या हलवाव्या लागतात. अँब्युलन्स कशी येणार? तिला उचलून नाक्यापर्यंत पळायच्या तयारीत होते. तर गाडी थेट जिन्यापाशी! गल्ली आरशासारखी मोकळी. एक फळी नाही, एक खिळा नाही. ड्रायव्हर म्हणाला, "वीस वर्षांत पहिल्यांदा ह्या गल्लीत गाडी घातली." मला तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

दोन दिवस जीव टांगणीला होता. मग छातीचा फोटो आला. फुप्फुसं स्वच्छ. ताप औषधासाठी अंगात बसवलेल्या नळीतून आलेल्या जंतूंचा होता, त्यावर औषध आहे, लागू पडलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" मी सांगितलं, सुतारांच्या गल्लीत. त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला आणि पुन्हा विचारलं, "कुठे?"

त्याच दिवशी हे तुझं पत्र घेऊन आले. मी वाचलं आणि ह्यांना विचारलं, रस्ता ओला का असतो? हे जमिनीकडे बघत बसले. म्हणाले, "मी शब्द दिलाय. मला विचारू नकोस."

परवा सकाळी कपडे आणायला एकटीच निघाले. पुलाच्या थांब्यावर उतरले. साडेसहा वाजले असतील. आणि ताई, समोरून आमच्या गल्लीतले सुतार येत होते. ओळीने. डोक्यावर कापलेल्या फळ्या, दोघांदोघांत टेबलांचे पाय, कपाटांची दारं. प्रत्येक नग ओल्या पोत्यात गुंडाळलेला. पाणी ठिबकत होतं त्यांच्या मानेवर. मी खांबाआड उभी राहिले. ते पुढे गेल्यावर, ज्या वाटेने ते आले त्या वाटेने मी चालत गेले. पुलापलीकडे ती बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी आहे ना, तिथे. आतून आऱ्याचा आवाज येत होता.

नऊच्या नऊ कारखान्यांची यंत्रं तिथे मांडलेली. आरा, रंधा, लेथ, सगळं. आम्ही हॉस्पिटलात असतानाच हलवलेलं. कापायचं, तासायचं, घासायचं तिथे. मग ओल्या पोत्यांत गुंडाळून गल्लीत आणायचं आणि आपापल्या कारखान्यात दार लावून फक्त जुळवायचं. दिवसातून दोन खेपा. पहाटे पाळीपाळीने गल्ली धुवायची, धूळ उडायच्या आत. संध्याकाळी तिथल्याच नळावर अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरी यायचं. एकतीस माणसं, ताई! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, मी तर कळशावर बसून रडत होते.

मी दारात नुसती उभी होते. तेवढ्यात मशीनवाल्या काकांनी मला बघितलं. आरा बंद केला आणि ओरडले, "अहो वहिनी! इथे कशाला आलात धुळीत? पोरीजवळ जायचंय ना तुम्हाला? व्हा बाहेर!" मला अक्षरशः हाकलून दिलं गं. काकूंनी नळाखाली उभं केलं, केसांवरून पाणी ओतलं, माझी साडी झटकली. मी रडत होते आणि त्या रागावत होत्या, "रडा नंतर, आधी नाक धुवा नीट." मी म्हटलं, काकू, मी काय बोलले तुम्हाला. त्या म्हणाल्या, "आईचं बोलणं कुणी मनावर घेतं का? आणि डब्याचं आमचंच चुकलं. बाहेरचं चालत नाही हे नंतर कळलं. तोपर्यंत भलतंच होऊन बसलं होतं."

मला का सांगितलं नाही, तर जानेवारीत मीच ह्यांना बजावलं होतं, कुणापुढे हात पसरलात तर बघा. हे काकांपाशी एकदा रडले, तेवढंच. काका म्हणाले, "मग वहिनींना कळू द्यायचं नाही. कळलं तर त्या खोली सोडून जातील, आणि पोर कुठल्या धुळीत जाऊन पडेल कोण जाणे."

शिट्टी असायची ती सगळ्यांनी आत जावं, कुणाच्या श्वासाचाही वारा तिला लागू नये म्हणून.

लेथवाले दादा लांब उभे होते, हात पुसत. मी त्या लाकडी भिंगरीचं विचारलं. मान खाली घालून म्हणाले, "दीड तास उकळली होती वहिनी, कुकरमध्ये. लाकूड उकळलं की तडकतं, ते माहीत होतं. तीन केल्या, तिन्ही तडकल्या. त्यातली बरी ती पाठवली. जंतू मरायला हवे होते ना." पंचवीस वर्षांचा कारागीर! स्वतःच्या हाताने स्वतःचा माल बिघडवून पाठवला, आणि वर मी त्याला टाकाऊ म्हटलं.

मी थक्क झालेय, ताई. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ. तू लांब बसून ओळखलंस, मला डोक्यावर राहून दिसलं नाही.

तुझी धाकटी

५ मे

धाकटे,

एकतीस माणसांची मापं कळव. उंच किती, ठेंगणे किती, पोट कुणाचं सुटलंय. जाड कापडाचे एप्रन शिवते, वरून घालायचे, काढून तिथेच झटकायचे. म्हणजे रोज कपडे बदलायला नकोत.

बाकी मला आत्ता काही लिहिता येत नाही. डोळ्यांचं निमित्त समज.

ताई

२३ मे

ताई,

भिंगरीला घरी आणलंय, आणि मापं सोबत लिहिली आहेत. काकांच्या पोटाचं माप त्यांनी स्वतः सांगितलंय, त्यात चार इंच वाढव.

परवा शंभरावा दिवस झाला! डॉक्टर हसले. पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना. नवं रक्त तिच्या अंगात घर करून बसलंय म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "धुळीपासून मात्र पूर्ण वर्ष जपायचं. दहा फेब्रुवारीपर्यंत."

शंभर दिवस त्या माणसांनी डोक्यावर फळ्या वाहिल्या. आता आणखी नऊ महिने? कुठल्या तोंडाने सांगू? रात्रभर मनात वाक्यं जुळवली. आम्ही दुसरीकडे खोली बघतो, तुम्ही पुष्कळ केलंत, आता यंत्रं परत आणा, असं सगळं. सकाळी बर्फाच्या फॅक्टरीच्या दारात जाऊन उभी राहिले. दारातच, आत पाऊल नाही टाकलं, नाहीतर काकू पुन्हा नळाखाली घालतील.

सगळं बोलून टाकलं. काका ऐकत होते. मग आऱ्याच्या पायाकडे बोट दाखवलं. मला कळेना. "खाली बघा," म्हणाले. आऱ्याला सिमेंटचा पाया घातलाय, हातभर उंच, बोल्ट आत गाडलेले. म्हणाले, "शंभर दिवसांसाठी पाया घालतं का कुणी, वहिनी? तेवढ्यापुरतं विटांवर भागलं असतं. तुमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डॉक्टर वर्ष म्हणतात. आम्ही वर्षाचाच हिशोब धरला."

सिमेंट ओलं असताना कुणीतरी खिळ्याने तारीख कोरली होती. १० फेब्रुवारी.

ताई, आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. १० फेब्रुवारीला सकाळी तिला ह्यांच्या मॅरोची पिशवी लावली. मी बाहेर बाकावर बसले होते. माझा धीर सुटला होता. तिचे शाळेचे बूट मी पिशवीत घालून आणले होते, नवे कोरे, हौसेने घेतलेले. त्या दिवशी ते मी पलीकडच्या वॉर्डातल्या एका मुलीला देऊन टाकले. ती बरी होऊन घरी चालली होती. मला वाटलं, कुणाच्या तरी पायांना उपयोगी पडू देत. मी, तिची आई, मी तिला मनातून सोडून दिलं होतं गं. आणि त्याच दिवशी ही परकी माणसं, ती वर्षभर जगणार हे धरून, सिमेंट कालवत होती.

मी काकांना म्हटलं, ती गेली असती तर? तर म्हणाले, "असं धरून पाया घालता येत नाही, वहिनी."

घरी येऊन कपाटावरची भिंगरी काढली, स्पिरिटने पुसली आणि तिला दिली. तड्यामुळे धड फिरत नाही, लंगडते, दोन उड्या मारते आणि कलंडते. आमची बया खूश. म्हणते, "आई, ही पण आजारी होती ना? हिला पण जपू या."

आज तिच्या मापाचे बूट आणले. एक नंबर मोठे घेतले, वर्षभराने शाळेत जाताना बसतील असे.

तुझी धाकटी

३० मे

धाकटे,

एप्रन झाले. एकतीस. काकांचा पाच इंच वाढवला, पोटाच्या बाबतीत पुरुष खोटं बोलतात.

तू मला बुटांचं सांगितलंस. मग मीही एक सांगते. तू सांगितलं नसतंस तर मी मरेपर्यंत सांगितलं नसतं.

तुझ्या भावोजींच्या आजारपणात कुणी फिरकलं नाही, हे मी तुला इतकी वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. आले होते गं. पहिल्या आठवड्यात तर रीघ लागली होती. मी दाराची साखळी न काढता सगळ्यांना एकच सांगायचे, आमचं आम्ही बघू. समोरच्या खोलीतली बाई महिनाभर रोज डबा ठेवायची. मी रोज तो न उघडता बाहेर ठेवायचे. मग एक दिवस तिने ठेवला नाही, आणि मी स्वतःला म्हटलं, बघ, कुणी कुणाचं नसतं. तेवढंच लक्षात ठेवलं, तेवढंच तुला शिकवलं. तुझ्या भावोजींना माणसं लागायची. तीन वर्षं ते दाराकडे तोंड करून झोपायचे. मला वाटायचं, उजेडासाठी.

डबे परत कर असं मीच तुला लिहिलं होतं. काकूंना सांग, ते माझे शब्द होते, धाकटीचे नव्हते. फ्रॉकही ह्याच गाठोड्यात आहे, लाल. थोडा मोठा शिवलाय, वर्षभराने बसेल असा.

आता अडचण अशी की गाठोडं फार जड झालंय आणि पोस्ट दोन जिने खाली, रस्त्यापलीकडे. माझ्या गुडघ्याने हात टेकले. अर्धा तास गाठोड्याकडे बघत बसले. मग समोरचं दार वाजवलं. भावोजी गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही जिन्यात एकमेकींकडे बघतही नाही. तिने दार उघडलं. केस पांढरे झालेत तिचे, मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, जरा मदत लागते. का, कशाला, आजच कसं, काही विचारलं नाही तिने. "थांबा, चपला घालते," म्हणाली.

आली बघ ती. गाठोड्याचं एक टोक धरलंसुद्धा. पत्र इथेच बंद करते, तिला ताटकळत ठेवायचं नाही.

ताई